दंडावरचं बटण

तू फक्त ऐक. मध्ये मध्ये शंका काढू नकोस, शेवटी तुलाच बोलायचंय.

उंब्रजमध्ये संपत कणसे आणि भानुदास मोहिते असे दोघं राहायचे. दोघंही एसटीतले. भानू ड्रायव्हर, संपत कंडक्टर, आणि उभी नोकरी बहुतेक एकाच गाडीवर काढलेली, पाटण-सातारा. आता एसटीला ना ड्रायव्हर लागतो ना कंडक्टर, गाडी आपली आपण येते, दार आपलं आपण उघडतं. पण त्यांच्या वेळी संपत मागून दोरी ओढायचा, डबल बेल वाजली की भानू गाडी काढायचा. मागं वळून बघायचाच नाही. पायरीवर कुणी लोंबकळतंय का, कुणा म्हातारीचं गाठोडं खाली राहिलंय का, ते बघणं कंडक्टरचं काम. ‘संप्यानं बेल दिली ना, मग मी डोळं मिटून गाडी काढतो,’ असं भानू स्टँडवर सगळ्यांना ऐकवायचा. ही बेल लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

रिटायर झाल्यावर भानूला शुगर निघाली. म्हणजे आधीपासून होतीच, निघाली तेव्हा. बायको गेलेली, पोरगी रेश्मा पुण्यात नोकरीला, हा इथं एकटा. गोळ्या विसरायचा, इन्सुलिनची सुई टोचायला टाळाटाळ करायचा, आणि गूळ म्हटलं की माणूस वेडा. एकदा पायाची जखम चिघळली, बोट जाता जाता राहिलं. तेव्हा रेश्मानं हट्टानं त्याला ती नवी पेटी बसवून घेतली.

पेटी म्हणजे काय, तर काड्यापेटीएवढं यंत्र, पोटाच्या कातडीखाली शिवून टाकलेलं, आत इन्सुलिन भरलेलं. तीन-चार महिन्यांनी दवाखान्यात जाऊन वरून सुईनं पुन्हा भरून घ्यायचं. आणि दंडावर एक बटण. शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं. त्याला खालून केसाएवढी तार, ती कातडीत जाते आणि अंगातली साखर मोजत राहते. पूर्वीची बटणं काढली की फेकायला लागायची, हे काढून, पुसून परत लावता येतं. बटणातच सिमकार्ड, त्यामुळे पेटीशी ते कुठूनही बोलतं.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून त्यांच्याच भाषेत सांगितलं. ‘हे बघा मोहिते, जेवलं की साखर रक्तात येते. तिला अंगातल्या पेशींमध्ये चढायचं असतं, पण दार इन्सुलिन उघडतं. इन्सुलिन नसलं, किंवा दारं त्याला दाद देईनाशी झाली, की साखर स्टँडवरच गर्दी करून उभी. गाड्या रिकाम्या आणि स्टँड तुडुंब, त्याला म्हणायचं डायबिटीस. आता बटण म्हणजे तुमचा कंडक्टर. तो गर्दी बघून बेल देणार. पेटी म्हणजे ड्रायव्हर. बेल आली की ती इन्सुलिन सोडणार, मागं वळून बघणार नाही.’

भानू खूश झाला. ‘म्हणजे ह्यो संप्याच की.’

त्याला कळलं होतं. पण घरी आल्यावर त्यातलं बटणच तेवढं डोक्यात राहिलं, कारण बटणाचे आकडे रेश्माच्याही फोनवर जायचे. ती त्याची काळजीवाहू, म्हणजे आकडे बघणारी आणि गरज पडली तर फोनवरून जादा डोस देणारी. साखर वर गेली की पुण्यात तिचा फोन वाजायचा, आणि दुसऱ्या मिनिटाला भानूचा.

‘आप्पा, काय खाल्लंत?’

‘अगं, भाकरी खाल्ली.’

‘भाकरीनं एवढी चढत नाही. कुणाकडं गेला होतात?’

असं रोज. हळूहळू भानूच्या लेखी बटण म्हणजे पोरीनं अंगाला चिकटवलेला चहाडखोर, एवढंच उरलं. पेटी पोटात होती, दिसत नव्हती, बोलत नव्हती. तिला तो विसरूनच गेला.

मग जानेवारीत एक दिवस दोघं तांबव्याच्या गुऱ्हाळावर गेले. काहिलीत रस उकळतोय, वास पार रस्त्यापर्यंत, गुळव्या ओळखीचा. भानूनं संपतला झाडामागं नेलं, बाही वर केली आणि बटण काढून त्याच्या हातावर ठेवलं.

‘हे घे. तासभर तुझ्या दंडाला राहू दे.’

‘अरं, मला कशाला?’

‘तू धडधाकट हायस. तुझा आकडा शंभराच्या आत. पोरगी तिकडं खूश, मी हिकडं खूश. फक्त तू काय खायाचं न्हाय. बिनसाखरेचा चहा पी आणि गप बस.’

संपतनं लावलं. मित्रासाठी माणूस एवढं करतोच. आणि तो खरंच गप बसला. समोर भानू काकवीत बोटं बुडवून चाटतोय, गरम गूळ शेंगदाण्याबरोबर खातोय, वर रसाचे दोन पेले, आणि संपत कोरा चहा घेऊन उसाच्या चोथ्यावर बसलाय. थोड्याच वेळात भानूचा फोन वाजला.

‘आप्पा, दोनशे तीस. मला सांगा, आज काय?’

भानूनं कशीबशी समजूत काढली, फोन ठेवला आणि संपतकडं असा बघायला लागला, जणू यानं भाडं घेऊन तिकीट फाडलं नव्हतं.

‘चोरून खाल्लंस व्हय रं?’

‘आईशप्पथ न्हाय. चहा पिलो निस्ता.’

‘मग दोनशे तीस काय त्या उसाला लागले? गुळव्यानं दिलं असंल तुला. सांग की, खाल्लं तर खाल्लं.’

‘मशीन खुळं हाय तुझं.’

दोघं हसले, भांडले, परत आले. आता तू बघ, उत्तर तिथंच त्या दंडावर लिहिलेलं होतं. संपतला वर्षभर सारखी तहान लागायची, तांब्या जवळ घेऊन झोपायचा. लघवीला उठून उठून झोपेचं खोबरं. पँटच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून झाली होती, आणि तो बायकोला, मालनला सांगायचा, ‘रिटायर झालो, पोट आत गेलं, बरंच झालं की.’ मालन म्हणायची, ‘मोरीत मुंग्या का लागतात ओ? एकदा रक्त तपासून घ्या.’ त्यावर याचं ठरलेलं, ‘मला काय धाड भरलीया? शुगर भानूला हाय.’ जणू काही दोघांत मिळून एकच आजार मंजूर झाला होता. आणि त्या दिवशी भानूचं काही बिघडलंही नाही, कारण पेटीनं संपतची साखर बघून इन्सुलिन सोडलं आणि भानूच्या पोटात खरोखर गूळ होता. चुकून हिशोब जुळला. जुळला म्हणून ते शिकले नाहीत.

रेश्मानं मात्र निर्वाणीचं सांगितलं. ‘आणखी एकदा असा आकडा दिसला, की गाडी घेऊन येते. घराला कुलूप, तुम्ही पुण्याला.’ भानूला पुण्याचा फ्लॅट म्हणजे जेल वाटायचा. सातव्या मजल्यावर बसून काय करायचं, खिडकीतून विमानं मोजायची? उंब्रजच्या स्टँडवर सकाळी जाऊन बसलं नाही तर त्याचा दिवस उगवायचा नाही.

एप्रिलात भानूच्या भावाच्या नातीचं लग्न आलं, मसूरच्या कार्यालयात. भाऊ हयात नाही, म्हणजे मुलीकडचा वडीलधारा माणूस भानूच. रेश्माला रजा नव्हती, ती सत्यनारायणाला येणार होती. सकाळी कार्यालयाच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ भानूनं परत बाही वर केली.

‘ह्या येळी चोरून खाऊ नगंस. पंगतीत जिलबी हाय. मी दोन खाणार, दोनच. नातीचं लगीन हाय माझ्या.’

‘मी मागच्या येळीबी खाल्लं न्हवतं.’

‘बरं बाबा, न्हाय खाल्लंस. लाव आता.’

संपतनं लावलं, बाही खाली केली, गुंडी लावली. सकाळी घरून पोहे खाऊन आला होता, तेवढेच. मनाशी ठरवलं की पंगत होईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, या वेळी भानूला बोलायला जागा ठेवायची नाही.

मुहूर्त साडेबाराचा. पण नवरदेवाची वरात, तुला माहितीये. स्पीकर, नाच, एका चौकातून दुसऱ्या चौकात जाईनात. अक्षता पडल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. मग व्याह्यांची पंगत बसली. आणि मुलीकडच्या मोठ्या माणसानं व्याह्यांची पंगत उठल्याशिवाय जेवायचं नसतं. भानू दारात हात जोडून उभा, याला बसवतोय, त्याला वाढा म्हणतोय, आणि स्वतः सकाळच्या चहावर.

आता त्या पोटातल्या पेटीचं काय चाललं होतं ते समजून घे. तिला संपतच्या दंडावरून बेल येत होती, साखर दोनशे सत्तर. तिनं इन्सुलिन सोडलं, भानूच्या अंगात. थोड्या वेळानं परत बघितलं, साखर उतरलीय का. कशी उतरणार? औषध एकाला आणि तपासणी दुसऱ्याची, आणि मुरलेली शुगर उपाशीपोटीही चढते. दोनशे नव्वद. परत सोडलं. तीनशे दहा. परत. माणूस असता तर म्हणाला असता, एवढं देऊनही उतरत नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे. यंत्राला एकच शिकवलं होतं, बेल आली की गाडी काढायची.

सकाळपासून मीटिंगमध्ये अडकलेल्या रेश्मानं आकडा बघितला तो तीनच्या सुमाराला, आणि लगेच तिचा फोन आला. संपत शेजारीच होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

‘आप्पा, तीनशे चाळीस.’

‘अगं, मी एक घास खाल्ला नाही अजून.’

‘लग्नात आहात, आणि एक घास खाल्ला नाही. आप्पा, मी लहान आहे का?’

‘तुझ्या आईशप्पथ, रेश्मा. पंगत उठली नाही अजून.’

‘आईला मध्ये आणू नका. किती खोटं बोलाल? मी इथून जादा डोस देतेय. आणि उद्या येते, बॅग भरून ठेवा.’

फोन बंद. भानू संपतकडं बघत राहिला. भानूच्या कपाळावर घाम होता, पण एप्रिलात घाम सगळ्यांनाच येतो.

‘काय खाल्लंस रं तू?’

‘काय न्हाय भानू. देवाशप्पथ.’

‘माझं घर घालवलंस तू,’ भानू म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा जडच आला.

संपतला वाटलं रागानं आला. पुढच्या अर्ध्या तासात भानू भलतंच बोलायला लागला. व्याह्याला म्हणाला, ‘पुढं सरका, आत जागा हाय.’ हात थरथरायला लागले. पाण्याचा पेला त्याच्या हातातून पडला. मंडपातली पोरं हसायला लागली, ‘आजोबांनी सकाळीच लावलीय वाटतं.’ भानू आयुष्यात दारू प्यायला नव्हता. संपतनं त्याला धरून पंख्याखाली खुर्चीत बसवलं.

‘चार घास खाऊन घे भानू. पंगत गेली खड्ड्यात.’

‘व्याही… उठू दे,’ भानू म्हणाला.

तेवढ्यात नवरीची मावशी सरबताचा ट्रे घेऊन आली. लिंबाचं, चांगलं गोडमिट्ट. तिनं एक पेला भानूच्या ओठाला लावलाही. आणि संपतनं तिचा हात धरला.

‘नको नको, त्याला शुगर हाय. आताच तीनशे चाळीस दाखवलीया. साधं पाणी द्या.’

मावशी घाबरून मागं झाली. ‘मला माहीत नव्हतं हो.’ पेला ट्रेमध्ये परत गेला. संपतनं भानूला साधं पाणी पाजलं, चमच्यानं, प्रेमानं.

थोड्याच वेळात भानूची शुद्ध गेली, आणि कऱ्हाडच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच तो संपला. डोकं संपतच्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, आणला तेव्हा जीव नव्हता, जुनी शुगर, अशा माणसांचं हृदय असं गपकन बंद पडतं, छातीत दुखतसुद्धा नाही. कुणी चिरफाड मागितली नाही, कुणी बोटाचं रक्त काढून बघितलं नाही. बटणाचे आकडे सगळ्यांच्या समोर होते. लोक म्हणाले, नातीच्या लग्नात खाल्लं असणार म्हाताऱ्यानं. मावशी म्हणाली, तरी संपतभाऊंनी सरबत देऊ दिलं नाही बिचाऱ्यांनी.

आणि संपतनं काय केलं सांगू? सगळे बाहेर फोन करत होते तेव्हा त्यानं आपली गुंडी काढली, बटण सोडवलं आणि भानूच्या दंडाला लावून दाबून बसवलं. का केलं ते त्याला विचारलं असतंस तर सांगता आलं नसतं. वस्तू ज्याची त्याला परत, एवढंच त्या वेळी सुचलं असेल. बटण कोऱ्या पडद्यासारखं गप बसून राहिलं. मेलेल्या अंगात त्याला मोजायला काही नव्हतं.

त्याला अजून काहीच कळलेलं नव्हतं, हे धर. त्याला वाटत होतं यंत्र खुळं आणि भानूचं हृदय गेलं. कळलं जूनमध्ये. चक्कर येऊन पडला, मालननं ओढत त्याच डॉक्टरांकडं नेलं. रक्त तपासलं, तीनशे साठ. तीन महिन्यांची सरासरी काढली तीही भयंकर.

‘कणसे, ही आजची नाही. निदान वर्ष-दीड वर्षाची आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘तहान, लघवी, वजन उतरणं, सगळं सांगत होतं अंग तुमचं. शेजारी शुगरवाला मित्र, तरी एकदा तपासावंसं वाटलं नाही?’

संपत त्या कागदावरचा आकडा बघत राहिला. गुऱ्हाळ आठवलं. कोरा चहा.

मग डॉक्टर प्रत्येक नव्या पेशंटला सांगतात ते सांगायला लागले. साखर वाढली तर सावकाश मारते, पण औषधावर असताना कमी झाली तर तासात मारते, कारण मेंदूला दुसरं काही चालत नाही, साखर संपली की तो विझतो. ‘म्हणून लक्षात ठेवा. अचानक घाम, हात थरथरणं, बडबड, दारू प्यायल्यासारखं वागणं. असं दिसलं की आकड्याची वाट बघायची नाही. लगेच साखर, गूळ, सरबत, जे हाताला येईल ते. दहा मिनिटांत माणूस उठून बसतो.’

‘सरबत,’ संपत म्हणाला.

‘हो. लिंबूसरबत तर उत्तम.’

‘आणि आकडा जास्त दाखवत असला तर?’

‘बटणाचा? बटण त्याच्याच अंगावर असेल तर असं होत नाही सहसा,’ डॉक्टर हसून म्हणाले. ‘कागदावर घेता ना लिहून?’

मालनला वाटलं आजाराच्या भीतीनं रडतोय.

आता शेवटचं ऐक. संपतला पेटी बसवायचं ठरलं. त्याला मूलबाळ नाही, मालनला फोनवरचं काही समजत नाही, मग काळजीवाहू कोण? ही बातमी रेश्माला लागली, आणि एका रविवारी सकाळी ती स्वतः उंब्रजला आली. बापाचं घर विकायला काढलं होतं, तिथलं आवरून संपतच्या ओट्यावर येऊन बसली. मालननं बिनसाखरेचा चहा ठेवला.

‘काका, तुमचं बटण माझ्या फोनला जोडायचं. मी बघीन तुमच्याकडं,’ ती म्हणाली. ‘आप्पांनंतर तुम्हीच आहात.’

‘तुला कशाला तरास पोरी.’

‘त्रास कसला? माझा फोन आता वाजतच नाही.’ कप उचलत ती म्हणाली, ‘काका, मला त्यांचा अजून राग येतो. माणूस गेला तरी राग जात नाही. शेवटचं बोलणं काय, तर आईची शपथ घेऊन खोटं. एक घास खाल्ला नाही म्हणे.’

संपतनं कप खाली ठेवला. तोंड उघडलं. भानूनं एक घास खाल्ला नव्हता, जगात हे एकट्या संपतला माहीत होतं.

‘पण मी माझ्याकडून सगळं केलं,’ रेश्मा म्हणाली. ‘दोनदा जादा डोस दिला मी, इथं दाबून. मीटिंगमधून उठून दिला. डॉक्टरही म्हणाले, तुम्ही योग्य तेच केलंत. तेवढं एक आहे काका, म्हणून मला झोप लागते. नाहीतर वेड लागलं असतं.’

संपतनं तिच्या हाताकडं बघितलं. तिनं ज्या बोटानं दाबलं होतं, ते बोट तिनं दाखवायला वर केलं होतं.

मालन आत गेली. रेश्मानं डबीतून नवं बटण काढलं, संपतची बाही वर केली आणि नेमकं त्याच जागी, दंडाच्या मागच्या बाजूला लावलं. जरा टोचलं. त्याच्या फोनवर प्रश्न आला, काळजीवाहू रेश्मा, मान्य आहे का? त्याचं बोट त्यावर थांबलं.

‘दाबा की. फक्त एकच, माझ्याशी खोटं बोलायचं नाही,’ ती म्हणाली, आणि मग, खूप दिवस मनात धरून ठेवलेलं असावं तसं, ‘तुम्ही शेजारी होतात ना काका. मला खरं सांगा. त्यांनी त्या दिवशी काय खाल्लं?’

ओट्यासमोरून बिनड्रायव्हरची एसटी आवाज न करता गेली. संपत ती वळणापर्यंत बघत राहिला.

‘जिलबी खाल्ली गं,’ तो म्हणाला. ‘मी नको म्हणत होतो. ऐकलं न्हाय त्यानं.’

रेश्मानं मान हलवली, डोळे पुसले, आणि बरं वाटल्यासारखा एक श्वास सोडला. संपतनं फोनवर ‘हो’ दाबलं. बटणानं दोनदा बारीक आवाज केला, जोडलं गेल्याचा. आणि पुण्याचा तो फोन, इतके महिने मुका असलेला, तिच्या हातात वाजला.

‘बघा, आलात तुम्ही,’ ती म्हणाली.

एवढंच. त्या दिवसाचं संपतनं अजून कुणालाच सांगितलेलं नाही, पण तो रोज त्या पोरीला काय खाल्लं ते खरं खरं सांगतो, अगदी अर्धी भाकरीसुद्धा. आता तू बोल. खरं सांगितलं तर बाप खोटा नव्हता हे तिला मिळतं आणि डोस दाबलेलं ते बोट कायमचं तिच्या अंगाला राहतं. नाही सांगितलं तर भानू मेल्यावरही खोटारडा. त्या ओट्यावर तू असतास, दंडावर ते बटण असतं, आणि तिनं तसं तोंडाकडं बघून विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?